गतिमान लक्ष्य आणि स्थिर जगाचे गृहीतक : रडार-प्रतिमांकनातील दोषनिवारणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

विमानातून अथवा उपग्रहातून रडारने टिपलेल्या भूप्रतिमेत कधी कधी एक चमत्कारिक दृश्य आढळते. लोहमार्ग जिथल्या तिथे असतो, पण त्यावरून धावणारी गाडी मात्र रुळांपासून शेकडो मीटर दूर, एखाद्या शेतात किंवा नदीच्या पात्रात उभी असल्यासारखी दिसते. समुद्रात जहाजामागे उमटणारी पाण्याची रेघ एका ठिकाणी असते आणि जहाज तिच्यापासून सुटून भलतीकडेच गेलेले असते. प्रतिमा बनावट नसते, यंत्र बिघडलेले नसते आणि गणितातही चूक नसते. तरीही प्रतिमा खोटे सांगत असते.

हा दोष का निर्माण होतो, तो कोणाच्या व केव्हा लक्षात आला, त्याच्या निवारणाचे कोणते मार्ग शोधले गेले आणि त्या मार्गांनी स्वतःबरोबर कोणती नवी गृहीतके आणली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय तंत्रविज्ञानातील असला तरी त्यातील मूळ प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला परका नाही. एखादे साधन ज्या पद्धतीने तयार झाले त्या पद्धतीची छाप त्यातील मजकुरावर पडते, हे साधनचिकित्सेचे पहिले सूत्र होय. रडारची प्रतिमा हेही आज एक साधन आहे. नौकानयन, सीमारक्षण, पूरस्थिती, मासेमारी अशा अनेक बाबींत ती पुरावा म्हणून पुढे केली जाते. म्हणून तिच्या घडणीचा इतिहास समजून घेणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी : हालचाल ओळखणारे रडार

या इतिहासाचा सैद्धांतिक पाया १८४२ साली प्राग येथे घातला गेला. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने लहरींचा उगम आणि निरीक्षक यांच्यातील अंतर बदलत असेल तर निरीक्षकाला जाणवणारी वारंवारताही बदलते, असे प्रतिपादन केले. त्याच्या विवेचनाचा विषय जुळ्या ताऱ्यांचा रंग हा होता. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टनजीकच्या लोहमार्गावर, धावत्या गाडीत वादक बसवून, ध्वनीच्या बाबतीत या तत्त्वाचा पडताळा घेतला. ज्या रेल्वेगाडीने डॉप्लरचे तत्त्व सिद्ध केले तीच गाडी पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी याच तत्त्वापायी रडारच्या प्रतिमेत रुळांवरून बाजूला सरकलेली दिसावी, हा एक लक्षणीय योगायोग म्हटला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धकाळात रडारतंत्राचा झपाट्याने विकास झाला. त्या काळातील प्रमुख अडचण आजच्या अडचणीच्या नेमकी उलट होती. डोंगर, इमारती, समुद्राच्या लाटा यांच्यावरून परत येणाऱ्या लहरींच्या गर्दीत शत्रूचे विमान हरवून जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या रेडिएशन लॅबोरेटरीत, जी १९४० ते १९४५ या काळात कार्यरत होती, या अडचणीवर डॉप्लर तत्त्वाचा उपाय शोधला गेला. लागोपाठच्या दोन स्पंदांचे प्रतिध्वनी एकमेकांतून वजा केले की स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी नाहीसे होतात आणि हलणारी वस्तू तेवढी उरते. लुई राइडनॉर यांनी संपादित केलेल्या आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रडार सिस्टिम इंजिनिअरिंग’ या ग्रंथात या तंत्राला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. या परंपरेत हलणारी वस्तू हेच लक्ष्य होते आणि स्थिर जग हा केवळ अडथळा होता.

संश्लेषित छिद्राची कल्पना

रडारच्या साह्याने जमिनीचे तपशीलवार चित्र काढायचे तर एक मोठी भौतिक मर्यादा आड येते. रडारच्या झोताची रुंदी तरंगलांबी आणि अँटेनाची लांबी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. अंतर वाढत जाते तसा झोत पसरत जातो. साडेआठशे किलोमीटर अंतरावरून साडेतेवीस सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींनी पंचवीस मीटर तपशिलाचे चित्र हवे असेल, तर साध्या हिशेबाने आठ किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल. तो उपग्रहावर नेणे अर्थातच अशक्य होय.

या कोंडीतून वाट काढली ती गुडइयर एअरक्राफ्ट या कंपनीत ॲरिझोना येथे काम करणाऱ्या कार्ल वायली यांनी. १९५१ साली त्यांच्या लक्षात आले, की विमान पुढे जात असताना झोताच्या पुढच्या भागातील वस्तू विमानाच्या जवळ येत असतात आणि मागच्या भागातील वस्तू दूर जात असतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या प्रतिध्वनीची वारंवारता किंचित वेगळी असते. या फरकाचे पृथक्करण केले, तर एकाच रुंद झोतातील वस्तू उड्डाणाच्या दिशेने वेगवेगळ्या ओळखता येतील. वायली यांनी या पद्धतीला ‘डॉप्लर झोत-तीक्ष्णीकरण’ अशा अर्थाचे नाव दिले. १९५४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, मात्र ते मिळण्यास १९६५ साल उजाडले.

याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात चाल्मर्स शेरविन यांच्या गटाने स्वतंत्रपणे अशाच दिशेने काम केले आणि १९५३ मध्ये फ्लोरिडातील की वेस्ट या भागाची पट्टीवजा प्रतिमा मिळवली. मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन येथील प्रयोगशाळेत लुई कट्रोना, एमेट लीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिध्वनी छायाचित्रणाच्या फितीवर नोंदवून भिंगांच्या साह्याने त्यांचे प्रतिमेत रूपांतर करण्याची पद्धत बसवली. १९५७ मध्ये तेथे पूर्णपणे केंद्रित अशा प्रतिमा मिळू लागल्या. याच कामातून लीथ आणि युरिस उपाटनिएक्स यांचे होलोग्राफीवरील १९६२ चे प्रसिद्ध संशोधन उदयास आले. विमानाच्या प्रवासातील अनेक बिंदूंवरून मिळालेले प्रतिध्वनी एकत्र गुंफून एका महाकाय अँटेनाचा परिणाम साधणाऱ्या या रडारला ‘सिंथेटिक ॲपर्चर रडार’, म्हणजेच संश्लेषित छिद्राचे रडार, असे नाव रूढ झाले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. प्रतिध्वनी एकत्र गुंफण्याचे हे काम काही सेकंद चालते. तेवढ्या वेळात रडार हलत असते आणि जमीन स्थिर असते, असे गृहीत धरूनच सारे गणित मांडलेले आहे. वारंवारतेतील प्रत्येक फरक रडारच्या स्वतःच्या गतीमुळेच आला आहे, असे ही पद्धत समजते. युद्धकालीन रडारने स्थिर जगाला वजा केले होते. नव्या रडारने गतिमान वस्तूचे अस्तित्वच विचारात घेतले नाही. एकाच तत्त्वावर उभ्या असलेल्या या दोन परंपरा अशा रीतीने परस्परांच्या विरुद्ध टोकांना जाऊन पोहोचल्या.

दोषाचे गणित

हे गृहीतक मोडते तेव्हा काय घडते, याचे पद्धतशीर विश्लेषण कीथ रेनी यांनी १९७१ मध्ये ‘आय.ई.ई.ई.’ या संस्थेच्या अवकाश व इलेक्ट्रॉनिक प्रणालीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात केले. या क्षेत्रातील उत्तरकालीन लिखाणाने आधारभूत मानलेला हा लेख आहे.

त्याचे सार असे सांगता येईल. लक्ष्याची गती दोन घटकांत विभागता येते. एक घटक रडारच्या दृष्टिरेषेच्या दिशेने, म्हणजे रडारकडे येणारा किंवा रडारपासून दूर जाणारा असतो. दुसरा घटक रडारच्या उड्डाणदिशेला समांतर असतो. या दोन घटकांचे परिणाम भिन्न आहेत.

पहिल्या घटकामुळे लक्ष्य प्रतिमेत आपली जागा सोडते. रडारकडे येणाऱ्या वस्तूच्या प्रतिध्वनीची वारंवारता थोडी वाढलेली असते. रडारच्या गणिताला मात्र वस्तूची गती ठाऊकच नसते. त्यामुळे वाढीव वारंवारतेचा अर्थ ते एवढाच लावते, की ही वस्तू उड्डाणाच्या दिशेने आणखी पुढे आहे. दूर जाणारी वस्तू याच न्यायाने मागे ढकलली जाते. हे विस्थापन किती, याचे सूत्र अत्यंत साधे आहे : वस्तूच्या दृष्टिरेषेतील वेगाला रडार व वस्तू यांच्यातील अंतराने गुणावे आणि रडारच्या वेगाने भागावे.

दुसऱ्या घटकामुळे वस्तू जागेवर राहते, पण धूसर होते. वस्तू उड्डाणाच्या दिशेनेच चालत असेल, तर वारंवारता ज्या दराने बदलायला हवी त्या दराने बदलत नाही आणि केंद्रीकरण बिघडते. ठिपक्याची रेघ होते. वस्तूला त्वरण असेल, ती वळत असेल किंवा लाटांवर हेलकावे खात असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात.

या विश्लेषणाचे ऐतिहासिक महत्त्व असे, की त्यामुळे विस्थापन ही यंत्राची लहर न राहता गतीची नोंद ठरली. सूत्र उलट वाचले, की विस्थापनावरून वेग काढता येतो. दोष आणि माहिती ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हा पुढील साऱ्या इतिहासाचा गाभा येथे प्रथम स्पष्टपणे दिसू लागतो.

सीसॅट : समुद्राची साक्ष

१९७८ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या नासा या संस्थेने सीसॅट हा उपग्रह अवकाशात सोडला. नागरी उपयोगासाठी संश्लेषित छिद्राचे रडार पृथ्वीच्या कक्षेत नेणारा हा पहिला उपग्रह होय. सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा तो टिपत असे. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे १० ऑक्टोबर १९७८ रोजी, अवघ्या १०५ दिवसांत, तो निकामी झाला. तथापि एवढ्या अल्पायुष्यात त्याने जमा केलेल्या प्रतिमांनी पुढील दशकभराच्या संशोधनाला खाद्य पुरवले.

त्या प्रतिमांत जहाजे आणि त्यांच्यामागील पाण्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या आणि अनेक ठिकाणी जहाज आपल्या रेघेपासून सुटलेले होते. वरील सूत्रात सीसॅटचे आकडे घालून पाहू. रडार ते समुद्रपृष्ठ हे तिरकस अंतर सुमारे ८५० किलोमीटर आणि उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धरला, तर अंतर आणि वेग यांचे गुणोत्तर सुमारे ११३ सेकंद येते. रडारच्या पट्ट्याला आडवे, सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारे जहाज घेतले, तर सुमारे २३ अंशांच्या आपतन कोनामुळे दृष्टिरेषेतील वेग सेकंदाला ३.९ मीटर भरतो. म्हणजे जहाज सुमारे ४४० मीटर बाजूला सरकलेले दिसणार. प्रतिमेतील तपशील पंचवीस मीटरचा असताना हे विस्थापन दुर्लक्षणीय म्हणता येत नाही.

येथे समुद्रानेच एक उपाय सुचवला. जहाज सरकते, पण त्याने मागे ठेवलेली पाण्याची रेघ जवळजवळ आपल्या जागीच राहते. रेघेचे टोक आणि जहाजाचा ठिपका यांतील अंतर मोजले, की विस्थापन कळते. विस्थापनावरून दृष्टिरेषेतील वेग आणि रेघेच्या दिशेवरून जहाजाचा मार्ग कळतो. अशा रीतीने एकाच प्रतिमेतून जहाजाचे खरे स्थान आणि वेग दोन्ही काढता येतात.

समुद्राच्या लाटांचा प्रश्न अधिक बिकट होता. लाटेतील पाण्याचा प्रत्येक भाग वर्तुळाकार गतीने फिरत असतो, म्हणजे समुद्राचे सारे पृष्ठ हेच असंख्य गतिमान लक्ष्यांचा समूह असते. वर्नर आल्पर्स आणि क्लिफर्ड रुफेनाख यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की लाटेच्या एका बाजूचे बिंदू प्रतिमेत पुढे आणि दुसऱ्या बाजूचे मागे सरकत असल्याने ते काही ठिकाणी दाटतात आणि काही ठिकाणी विरळ होतात. म्हणजे प्रतिमेत दिसणाऱ्या लाटा काही अंशी खऱ्या लाटा नसून विस्थापनाने घडवलेला नमुना असतो. या प्रश्नावर १९८० च्या दशकात बराच वाद झाला. क्लाउस आणि सुसान हासेलमान यांनी १९९१ मध्ये लाटांचा खरा वर्णपट आणि प्रतिमेतील वर्णपट यांतील अरेषीय संबंध मांडला. त्याच वर्षी जुलैत सोडलेल्या ईआरएस-१ या युरोपीय उपग्रहाच्या लाटाविषयक मापनांना त्याचा मोठा उपयोग झाला. क्लाउस हासेलमान यांना २०२१ मध्ये हवामानविषयक कार्यासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या या कार्याची आठवण फारशी निघाली नाही.

निवारणाचे मार्ग

जहाजाला पाण्याची रेघ असते, रस्त्यावरील वाहनाला ती नसते. म्हणून जमिनीवरील गतिमान लक्ष्यांसाठी वेगळे मार्ग शोधावे लागले. स्थूलमानाने ते तीन गटांत मांडता येतील.

पहिला मार्ग एकाच अँटेनाच्या नोंदीतून धूसर ठिपका पुन्हा स्पष्ट करण्याचा होय. मुळात ही तंत्रे विमानाच्या स्वतःच्या हेलकाव्यांमुळे येणारा दोष दूर करण्यासाठी विकसित झाली होती. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील वाल, आयकल, गिग्लिया आणि जॅकोवाट्झ यांनी १९९४ मध्ये सविस्तर मांडलेली कला-प्रवणतेवर आधारित स्वयंकेंद्रीकरणाची पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण. गती सापेक्ष असते. रडार डगमगले काय किंवा लक्ष्य डगमगले काय, प्रतिध्वनीत उमटणारी त्रुटी एकाच जातीची असते. फरक एवढाच, की विमानाचा दोष साऱ्या प्रतिमेला सारखा लागू होतो, तर प्रत्येक गतिमान लक्ष्याचा दोष त्याचा स्वतःचा असतो. म्हणून लक्ष्याभोवतीचा तुकडा वेगळा काढून त्यावर स्वतंत्र दुरुस्ती करण्याची प्रथा पडली. १९९९ मध्ये पेरी, डिपिएट्रो आणि फँटे यांनी ‘कीस्टोन’ नावाने ओळखली जाणारी पद्धत मांडली. लक्ष्याचा वेग आधी ठाऊक नसतानाही, त्याचे अंतराच्या एका घरातून दुसऱ्या घरात सरकणे ती दुरुस्त करते.

मात्र या मार्गाची एक मूलभूत मर्यादा आहे. केंद्रीकरण साधले, तरी लक्ष्य नेमके कोठे आहे हे त्यातून कळत नाही. स्पष्ट दिसणारी मोटार चुकीच्या जागी स्पष्ट दिसू लागते, इतकेच.

दुसरा मार्ग एकाहून अधिक अँटेनांचा. उड्डाणदिशेत एकामागे एक असे दोन अँटेना असतील, तर मागचा अँटेना काही क्षणांनी पुढच्याच्या जागी येतो. त्याच जागेवरून घेतलेल्या दोन नोंदी वजा केल्या, की स्थिर जमीन नाहीशी होते आणि हलणारी वस्तू उरते. युद्धकालीन वजाबाकी अशा रीतीने प्रतिमांकनात परत आली. चालत्या विमानावरून ती साधण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. ब्रेनन आणि रीड यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या अनुकूली रडारच्या सिद्धांताने त्यांना व्यापक गणिती बैठक दिली. दोन नोंदींतील कलाफरक मोजला, तर वस्तूचा वेगही काढता येतो. गोल्डस्टाइन आणि झेब्कर यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याच तत्त्वाने सागरी प्रवाहांचे मापन करून दाखवले.

लष्करी वापरात या मार्गाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेचे जॉइंट स्टार्स विमान. बोइंग ७०७ च्या सांगाड्यावर बसवलेला त्याचा सुमारे सव्वासात मीटर लांबीचा अँटेना तीन भागांत विभागून वापरता येत असे. विकासाच्या अवस्थेतील अशी दोन विमाने १९९१ च्या आखाती युद्धात वापरली गेली. इतक्या लांबून काम करताना वरील सूत्र कोणत्या थराला जाते, हे पाहण्यासारखे आहे. १५० किलोमीटर अंतर आणि सेकंदाला २०० मीटर उड्डाणवेग धरला, तर अंतर आणि वेग यांचे गुणोत्तर ७५० सेकंद येते. रडारकडे सेकंदाला १० मीटर वेगाने येणारे वाहन साडेसात किलोमीटर बाजूला फेकले जाईल. म्हणूनच या विमानात स्थिर भूप्रदेशाची प्रतिमा आणि हलत्या वाहनांचे ठिपके यांसाठी दोन स्वतंत्र कार्यपद्धती होत्या. हा विमानताफा २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाला.

उपग्रहांच्या बाबतीत हा मार्ग उशिरा खुला झाला. जून २००७ मध्ये सोडलेल्या जर्मनीच्या टेरासार-एक्स आणि डिसेंबर २००७ मध्ये सोडलेल्या कॅनडाच्या रडारसॅट-२ या उपग्रहांचे अँटेना ग्रहणकाळी दोन भागांत वापरण्याची प्रायोगिक सोय होती. त्यांच्या आधारे महामार्गांवरील वाहने आणि समुद्रातील जहाजे यांचा वेग मोजण्याचे प्रयोग झाले.

तिसरा मार्ग बाह्य माहितीचा. वाहने रस्त्यावरूनच धावतात, गाड्या रुळांवरूनच जातात. तेव्हा शेतात दिसणारा ठिपका जवळच्या रस्त्यावर आणून ठेवावा आणि त्याला किती सरकवावे लागले यावरून वेग काढावा, ही पद्धत सोपी आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. जहाजांच्या बाबतीत त्यांच्यावरील स्वयंचलित ओळख-यंत्रणेने प्रसारित केलेले स्थान हीच भूमिका बजावते.

दोषाचे साधनात रूपांतर

याच काळात विचाराची दिशा पूर्णपणे उलटवणारी आणखी एक परंपरा आकाराला आली. रडार स्थिर ठेवून लक्ष्यच फिरत असेल, तर त्याच्या फिरण्यातूनच प्रतिमा मिळवता येते, हा तो विचार. १९८० मध्ये जॅक वॉकर यांनी फिरत्या वस्तूंच्या प्रतिमांकनाचा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी चेन आणि अँड्रूज यांनी लक्ष्याच्या गतीतूनच प्रतिमा घडवण्याची पद्धत मांडली. या पद्धतीला ‘व्यस्त’ संश्लेषित छिद्राचे रडार म्हणतात. लाटांवर डोलणारे जहाज संश्लेषित छिद्राच्या रडारला धूसर दिसते. व्यस्त पद्धतीत मात्र त्याचे डोलणे हीच प्रतिमेची सामग्री ठरते, कारण डोलकाठीचे टोक आणि जहाजाचा तळ वेगवेगळ्या वेगाने हलत असतात.

जर्मनीत वाख्टबेर्ग येथील ३४ मीटर व्यासाच्या टीरा या रडारने २०१८ मध्ये चीनच्या तिआनगोंग-१ या अनियंत्रित अवकाशस्थानकाच्या प्रतिमा २ एप्रिलच्या पतनापूर्वी घेतल्या, त्या याच तत्त्वावर. स्थानकाच्या फिरण्याने प्रतिमा घडली आणि प्रतिमेतून त्याचे फिरणे मोजता आले.

भारतीय संदर्भ

भारतात या तंत्राचा विकास प्रामुख्याने अहमदाबाद येथील अंतरिक्ष उपयोग केंद्रात झाला. तेथे घडवलेले सी-पट्ट्यातील रडार घेऊन रिसॅट-१ हा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी अवकाशात गेला. वर्तुळाकार ध्रुवित लहरी पाठवून रेषीय ध्रुवित लहरी ग्रहण करण्याची जी संकरित पद्धती त्यात होती, तिचे प्रवर्तक म्हणजे गतिमान लक्ष्यांवरील १९७१ च्या लेखाचे कर्ते कीथ रेनी हेच. ऑक्टोबर २००८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकी बनावटीच्या मिनी-सार या उपकरणातही हीच पद्धती होती. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेला निसार हा नासा आणि इस्रो यांचा संयुक्त उपग्रह एल आणि एस अशा दोन पट्ट्यांत काम करणारा असून त्याचा परावर्तक १२ मीटर व्यासाचा आहे.

नौदलाच्या बाबतीत, भारताने २०१३ पासून वापरात आणलेल्या पी-८आय या सागरी गस्ती विमानांच्या रडारमध्ये संश्लेषित आणि व्यस्त अशा दोन्ही पद्धती आहेत. या विमानांचा दुसरा ताफा मार्च २०२२ मध्ये गोव्यातील आयएनएस हंसा या तळावर दाखल झाला. म्हणजे डोलणाऱ्या जहाजाच्या डोलण्यातून त्याची ओळख पटवण्याचे काम आज कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरूनही होऊ शकते.

दुरुस्तीमागील गृहीतके आणि पुराव्याचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनावरून हा इतिहास दोषाकडून निर्दोषतेकडे जाणारा सरळ मार्ग आहे, असा समज होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो समज अपुरा आहे. मूळ पद्धतीत एक गृहीतक होते : जग स्थिर आहे. प्रत्येक दुरुस्तीने हे गृहीतक काढून तेथे दुसरे बसवले. स्वयंकेंद्रीकरणाने लक्ष्य हा एक न वाकणारा, अखंड पदार्थ मानला. दोन अँटेनांच्या पद्धतीने वजाबाकीनंतर उरते ते सारे लक्ष्यच, असे मानले. रस्त्याच्या नकाशावर विसंबणाऱ्या पद्धतीने वाहन रस्त्यावरच असते असे धरले. ही शेवटची बाब विशेष विचारणीय आहे. रस्ता सोडून माळरानातून जाणारे वाहन अशा दुरुस्तीत आपोआप जवळच्या रस्त्यावर आणून ठेवले जाईल आणि त्याचा वेगही चुकीचा निघेल. वेग स्थानावरून काढायचा आणि स्थान रस्त्यावरून ठरवायचे, यात चक्रापत्तीचा दोष आहे. गती अन्य मार्गाने मोजलेली असेल तरच तो टळतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१४ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेतील पहिला उपग्रह कार्यरत झाल्यापासून रडार-प्रतिमा सर्वांना विनामूल्य उपलब्ध होऊ लागल्या. २०१७ ते २०२१ या काळातील उपग्रह-प्रतिमांच्या आधारे ‘नेचर’ नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जगातील औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजांचा सार्वजनिक यंत्रणांत माग लागत नाही आणि अशा जहाजांचे प्रमाण आफ्रिका व दक्षिण आशियाच्या आसपास अधिक आहे, असे दाखवले गेले. अशा अभ्यासात रडारमधील प्रत्येक ठिपका ओळख-यंत्रणेतील एखाद्या जहाजाशी जुळतो की नाही, हे ठरवावे लागते. ठिपका शेकडो मीटर सरकलेला असताना ही जुळणी विस्थापनाचा विचार केल्याशिवाय होऊ शकत नाही. जुळणी चुकली, तर नियमाने वागणारे जहाजही बेपत्त्यांच्या यादीत जाईल. शिवाय सार्वजनिक यंत्रणेत माग न लागणे म्हणजे बेकायदा असणे नव्हे. अनेक लहान नौकांना अशी यंत्रणा बाळगण्याचे बंधनही नसते.

गुजरात आणि पालघर किनाऱ्यावरील मच्छीमार समुद्रसीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या ताब्यात जाण्याच्या घटना वारंवार घडलेल्या आहेत. त्यांपैकी एखाद्या प्रकरणात उद्या उपग्रहाची रडार-प्रतिमा पुरावा म्हणून पुढे आली, असे क्षणभर समजू. आठ सागरी मैल वेगाने जाणारी नौका अनुकूल दिशेत असेल, तर उपग्रहाच्या प्रतिमेत ती अडीचशे-तीनशे मीटर सरकलेली दिसू शकते. ध्रुवीय कक्षेमुळे हे सरकणे प्रामुख्याने उत्तर-दक्षिण असेल. त्यातच लाकडी आणि फायबरच्या लहान नौका रडारला अंधुक दिसतात आणि त्यांच्यामागील पाण्याची रेघ बहुधा दिसतच नाही. म्हणजे ज्यांना आपली बाजू मांडण्याची साधने सर्वांत कमी, त्यांच्याच बाबतीत दुरुस्तीची साधनेही सर्वांत कमी असतात. मोठ्या जहाजाला स्वतःची ओळख-यंत्रणा आणि मागची ठळक रेघ या दोन साक्षीदारांचा आधार असतो. होडीला दोन्ही नसतात.

समारोप

१. रडार-प्रतिमांकनातील गतिमान लक्ष्याचा दोष हा यंत्राचा बिघाड नसून, जग स्थिर आहे या मूलभूत गृहीतकाचा परिणाम आहे.

२. १९७१ मधील रेनी यांच्या विश्लेषणाने हा दोष मोजता येण्याजोगा केला आणि त्यामुळे तो गतीविषयक माहितीचा स्रोत बनला. सीसॅटच्या प्रतिमांतील जहाजे आणि लाटा यांनी त्याचे व्यावहारिक महत्त्व पटवून दिले.

३. एक अँटेना, अनेक अँटेना आणि बाह्य माहिती या तिन्ही निवारणमार्गांना आपापली गृहीतके आहेत. त्यांपैकी बाह्य माहितीवर विसंबणाऱ्या मार्गात चक्रापत्तीचा धोका सर्वाधिक आहे.

४. म्हणून पुराव्यादाखल वापरल्या जाणाऱ्या रडार-प्रतिमेबरोबर, लक्ष्याचे स्थान दुरुस्त केलेले आहे किंवा नाही, केले असल्यास कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या गृहीतकावर, याची नोंद असणे अनिवार्य मानले पाहिजे.

इतिहासाचा अभ्यासक एखादा दस्तऐवज हाती घेतो तेव्हा तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला हे प्रथम विचारतो. आकाशातून आलेल्या प्रतिमेलाही हेच प्रश्न विचारण्याची सवय विज्ञान, विधी आणि सामाजिक शास्त्रे या तिन्ही शाखांच्या अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. ठिपका कोठे दिसतो, हे यंत्र सांगेल. तो तेथेच होता काय, हे विचारण्याची जबाबदारी माणसाची आहे.